बारापासॉरसचं तोंड कोणी पाहिलंय?

खडूफळा
लेकीला प्रकल्पाच्या वहीत डायनासोर काढायचा होता. गोदावरीच्या खोऱ्यातला म्हणून बारापासॉरस मीच सुचवला. पाय झाले, शेपूट झालं, मानेच्या टोकाला पेन्सिल अडली. "बाबा, तोंड कसं काढू?" नेटवर पाहिलं तर तीन चित्रांत तीन तोंडं! मग वाचलं, की किमान सहा प्राण्यांची मिळून तीनशेच्या आसपास हाडं मिळाली आहेत, पण कवटी एकही नाही. थोडेसे दात, बस्स. म्हणजे तिन्ही तोंडं चित्रकारांनी लावलेली, आणि एकाही चित्राखाली तसं लिहिलेलं नाही.

माझं स्पष्ट मत : शाळेच्या पुस्तकांतून आणि संग्रहालयांतून ही रंगीत चित्रं काढून टाका. हाडांचे फोटो द्या. फार तर सांगाडा काढा आणि त्यात सापडलेली हाडं तेवढी रंगवा.

ब्रश_आणि_बेसाल्ट
असहमत. तोंडाचा प्रश्न लेकीला पडला कधी? चित्र काढायला बसल्यावरच ना! लिहिताना "कवटी अज्ञात" म्हणून पुढे सरकता येतं. चित्रात मान कुठेतरी संपवावीच लागते. शिवाय ती तोंडं हवेतून आलेली नाहीत. दातांवरून पाला खाणारा हे कळतं, आणि नात्यातल्या इतर सॉरोपॉडांच्या (लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनासोरांच्या) कवट्या आहेतच.

खडूफळा
अंदाज चुकला की काय होतं ते लंडनला जाऊन बघा. 1854 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या बागेत शिल्पकार हॉकिन्सनं इग्वानोडॉन या डायनासोरचे पुतळे उभे केले, नाकावर शिंग लावून. पुढे 1878 मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळसा खाणीत सांगाडेच्या सांगाडे निघाले आणि कळलं, की ते शिंग नव्हे, अंगठ्याचा काटा! तोवर लोकांच्या डोक्यात शिंगवालाच बसलेला. वहीतली चूक खोडता येते, सिमेंटचं शिंग कसं खोडणार?

ब्रश_आणि_बेसाल्ट
नकोच खोडायला. पुतळे अजून तिथेच आहेत आणि विज्ञान स्वतःची चूक कशी सुधारतं हे दाखवायला त्यांच्यासारखं साधन नाही.

आता दुसरी बाजू. 1969 मध्ये जीवाश्मांचा अभ्यासक ऑस्ट्रॉम यानं डायनॉनिकस या शिकारी डायनासोरचं वर्णन छापलं, त्यासोबत त्याचा विद्यार्थी बेकर यानं काढलेलं चित्र होतं : शेपूट ताठ, एक पाय उचललेला, भरधाव पळणारा. डायनासोर म्हणजे चिखलात लोळणारे सुस्त धूड, या समजाला हादरा द्यायला ते एक चित्र पानंच्या पानं मजकुराइतकं कामी आलं. आणि रंग म्हणजे निव्वळ थाप, असंही आता राहिलेलं नाही. सायनोसॉरोप्टेरिक्स या पिसं असलेल्या छोट्या डायनासोरच्या पिसांमधल्या रंगकणांच्या खुणा तपासून 2010 मध्ये त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे असल्याचं दाखवलं गेलं.

सोंडेत_हाड_नसतं
नाव वाचलंत ना? तेच सांगायचंय. हत्तीची नुसती कवटी समोर ठेवा. मधोमध एक मोठं भोक, बाकी सोंडेचा पत्ता नाही. आपण गणपतीच्या गावचे म्हणून आपल्याला माहीत. खडूफळा, तुमच्या हाडांच्या फोटोवरून मुलं बिनसोंडेचा हत्ती शिकतील. मांस न दाखवणं हीसुद्धा एक बाजू घेणंच आहे.

पण ब्रशराव, तुमच्या चित्रकार जातभाईंचे डायनासोर कायम जबडा वासून का असतात हो? झोपलेला, पाणी पिणारा एखादा काढायला काय जातं? (अवांतर, पण राहवलं नाही.)

ब्रश_आणि_बेसाल्ट
जबड्याबद्दल हात जोडले. वासलेला जबडा खपतो.

खडूफळा
सोंडेचा मुद्दा बिनतोड. तरी माझा आक्षेप निम्मा शिल्लक आहे : हत्तीला सोंड असते हे आपण पाहिलंय, बारापासॉरसचं तोंड कोणीच नाही. चित्र ठेवा हवं तर, पण कुठवर हाड आणि कुठून चित्रकार, हे त्या चित्रातच दिसू दे. खाली बारीक अक्षरांत टीप दिलेली पोरं वाचत नाहीत.

खडूफळा
अपडेट : लेकीनं मानेपर्यंत ठळक रेघ ओढली आणि डोकं तुटक रेघांनी काढलं. वही आज परत आली. तुटक रेघांवर लाल गोल आणि शेरा, "चित्र पूर्ण करणे."