‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला मराठीत काय म्हणायचं? टिळक त्यात येतात का?

फळ्यावरची_ताई:
लातूरला अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. परवा फळ्यावर ‘पुराणमतवादी’ लिहिलं आणि सनातनी, रूढिप्रिय असा अर्थ सांगितला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, मग टिळक यात येतात का? ते तर जहाल होते.” उद्या सांगते म्हटलं, त्याला आज चार दिवस झाले. संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे लग्नातही शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय वाढवणाऱ्या कायद्याला, त्यांनी विरोध केला हे ठाऊक आहे, तरी त्यांना पुराणमतवादी म्हणायला जीभ रेटत नाही. शब्द चुकतोय की माझी समज?

जुना_मुद्रितशोधक:
ताई, शब्दातच अडचण आहे. पुण्यात एका दैनिकात मी २८ वर्षं मुद्रितं तपासली. इंग्लंडची बातमी आली की कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे ‘हुजूर पक्ष’ आणि लेबर म्हणजे ‘मजूर पक्ष’. मथळ्यात छान बसायचं. एका नव्या उपसंपादकाने ‘पुराणमतवादी पक्ष’ लिहिलं, ते मी खूण करून परत पाठवलं. १९२८ साली इंग्लंडात बायकांना पुरुषांच्या बरोबरीने, एकविसाव्या वर्षी मत मिळालं, ते याच पक्षाच्या बाल्डविन सरकारच्या कायद्याने. त्यात पुराण कुठलं?

मूळ शब्द जपणे, राखणे यातला. १८१८ मध्ये शातोब्रियाँ या लेखकाने फ्रान्समध्ये त्या नावाचं नियतकालिक काढलं, आणि १८३० नंतर इंग्लंडातले टोरी, म्हणजे या हुजूर पक्षाचे पूर्वज, स्वतःला तसं म्हणवू लागले. विचार मात्र त्याआधीचा, ब्रिटिश खासदार एडमंड बर्कचा. १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडलेला हा माणूस. पण अमेरिकन वसाहतींची बाजू त्याने घेतली होती, आणि हिंदुस्थानातल्या जुलमाबद्दल माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर खटला भरवण्यातही तोच पुढे होता. समाज पिढ्यान्‌पिढ्या रचत आलेला असतो, म्हणून बदल वाड्याच्या डागडुजीसारखा करावा, कुठला खांब किती भार पेलतोय ते बघून, असा त्याचा रोख.

टिळकांचा मुख्य आक्षेप होता परक्या सरकारने कायदा करण्याला. मुलींची लग्नं सोळाच्या आत करणार नाही असं सुधारकांनी स्वतःच लिहून द्यावं, असा प्रस्ताव त्यांनी १८९० मध्ये मांडला होता. तिथवर मला बर्क दिसतो. पण गर्भाधानाचे, म्हणजे मुलगी वयात येताच करायच्या संस्काराचे, शास्त्राधारही त्यांनी काढले, तेव्हा तुमचा फळ्यावरचा शब्दही पुरता खोटा नाही. राजकारणात जहाल, समाजकारणात जपून. एकच पाटी त्यांच्या गळ्यात घालू नका.

माजघर:
काका, डागडुजी होईपर्यंत त्या वाड्याच्या माजघरात कोण राहतं? कलकत्त्याची फुलमणी दहा-अकरा वर्षांची होती. नवऱ्याने केलेल्या बळजबरीत ती गेली. त्यानंतर १८९१ मध्ये कायद्याने वय वाढवलं ते १० वरून १२, फक्त दोन वर्षं, आणि त्यावर एवढं रण माजलं. आगरकर कायद्याच्या बाजूने होते, कारण समाज आपणहून बदलेपर्यंत थांबायला त्या मुलींकडे वेळच नव्हता. माझ्या पणजीचं लग्न नवव्या वर्षी झालं. ‘हळूहळू’ म्हणायला तिला कुणी विचारलं नव्हतं.

जुना_मुद्रितशोधक:
हे मान्य करावंच लागेल. बर्कच्या मांडणीतला हा खरा दुबळेपणा: खांबाखाली चिरडला जाणारा माणूस डागडुजीच्या हिशेबात येत नाही. तरीही ताई, ‘प्रतिगामी’ हा शब्द मुलांना वेगळा करून सांगा. गेलेला काळ परत आणू पाहणारा तो प्रतिगामी. आहे ते राखत बदलणारा वेगळा. त्याला मी ‘परंपरानिष्ठ’ लिहीन.

फळ्यावरची_ताई:
उद्या पहिल्याच तासाला ‘पुराणमतवादी’ खोडते आणि ‘काय जपायचं?’ एवढंच लिहिते. एका बाजूला टिळक, दुसऱ्या बाजूला आगरकर, खालचं मुलं भरतील. फुलमणीचं वय मात्र मी स्वतः लिहीन. वर्गातल्या मुली सोळा वर्षांच्या आहेत.