साक्षीदार अहिराणीत बोलतो, साक्ष कशी टाईप करायची?

सातारकर_स्टेनो
नमस्कार, मी साताऱ्याची, चार महिने झाले जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात लघुलेखक म्हणून लागलेय. स्पीडचं टेन्शन नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हात बसलाय. अडचण अशी की इथले कितीतरी साक्षीदार अहिराणी बोलतात आणि मला ती अर्धीच कळते, न्यायाधीश साहेब मराठीत सांगतात ते टाईप करते पण साहेबही बाहेरच्या जिल्ह्यातले.
गेल्या आठवड्यात बांधावरच्या मारामारीची केस होती. म्हातारे बाबा म्हणाले "त्यानाजोडे कुऱ्हाड व्हती", रेकॉर्डवर गेलं "त्याच्याजवळ कुऱ्हाड होती". उलटतपासात वकिलांनी विचारलं, जवळ म्हणजे जमिनीवर पडलेली ना? बाबा आधी हो म्हणाले, मग नाही, मग गप्पच झाले. घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना, त्या एका शब्दावर कुणाची तरी शिक्षा ठरू शकते. तुम्ही लोक काय करता, जसंच्या तसं लिहिता की प्रमाण मराठी करता?

जुना_लघुलेखक_अमळनेर
ताई, काळजी वाटतेय हे चांगलंय. "जोडे" म्हणजे जवळ पण आणि कडे पण. मनाजोडे पैसा नहीत म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत. त्यामुळे बाबांना बहुतेक हातात होती असंच म्हणायचं असणार, पण ते बहुतेक आपण ठरवायचं नाही. त्याच क्षणी हात थांबवायचा आणि साहेबांना हळूच सांगायचं, साहेब हातात की बाजूला ते विचारून घ्या. साक्षीदाराला आपण थेट विचारायचं नाही, साहेबांमार्फतच. मी एवढी वर्षं काम केलं, यावरून कोणी साहेब रागावले नाहीत, उलट नंतर स्वतःच विचारायला लागले.
एक वही करा. "बठ्ठा" म्हणजे सगळे, आणि "बठना" म्हणजे बसला, घाईत ऐकलं तर "त्या बठ्ठा व्हतात" याचं "ते बसले होते" होऊन जातं आणि पाच आरोपींची हजेरीच रेकॉर्डवरून उडते. आंडोर मुलगा, आंडेर मुलगी, वारसाच्या दाव्यात ही एक मात्रा किती महागात पडेल बघा. आणि सगळ्यात जपायचं ते हे, "मी दखं नही" म्हणजे मी पाहिलं नाही आणि "माले दखायनं नही" म्हणजे मला दिसलं नाही. पहिल्यात माणूस तिथे होता की नाही तेच कळत नाही, दुसऱ्यात तो तिथे होता पण अंधार असेल, गर्दी असेल. दोन्हीला "पाहिले नाही" टाईप करणारे मी बघितलेत.
अजून एक, लिब्रे ऑफिसच्या ऑटोटेक्स्टमध्ये नेहमीची वाक्यं ठेवून एफ ३ दाबलं की वेळ खूप वाचतो, पण "हे म्हणणे खरे नाही की" हे वाक्य बोटांना इतकं सवयीचं होतं की साक्षीदार "खरं शे" म्हणाला तरी तेच पडतं. उलटतपासात प्रत्येक वेळी त्याचं उत्तर कानाने ऐकूनच कळ दाबा. साक्षीदार पुरुष की बाई त्याप्रमाणे सांगतो-सांगते पण तपासा.

पांझरा_वकील
अमळनेरचे नाना बरोबर बोलले, मी वकिलाच्या बाजूने सांगतो. १ जुलै २०२४ पासून नवीन खटल्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) लागू आहे. कलम ३१२ साक्षीच्या भाषेबद्दल आहे, कलम ३११ मध्ये सत्र न्यायालयात साक्ष एरवी कथन स्वरूपात घ्यायची पण न्यायाधीश ठरवतील तो भाग प्रश्नोत्तरात घेता येतो. कुऱ्हाडीसारखा शब्द आला की मी लगेच विनंती करतो की एवढा भाग प्रश्नोत्तरात घ्या आणि साक्षीदाराचे मूळ शब्द अवतरण चिन्हात टाका. शिवी, धमकी, मरणाऱ्याचे शेवटचे शब्द हे तर अहिराणीतच राहिले पाहिजेत, अर्थ शेजारी.
मग कलम ३१३, साक्ष संपली की साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि गरज असेल तिथे दुरुस्त करायची. रोज बोर्डावर पन्नास कामं असली की हे घाईत उरकतं हे खरंय, पण साक्षीदाराला कळेल अशा भाषेत वाचलं तर निम्मे घोळ तिथेच निस्तरतात. बाबांना तुम्ही अहिराणीत "त्याना हातमा" असं वाचून दाखवलं असतं तर त्यांनीच हो-नाही सांगितलं असतं.
आणि आम्हा वकिलांचीही चूक आहे. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने दिलेली पहिली साक्ष, शपथपत्रावर होतो, ते आमच्या ऑफिसात छापील मराठीत टाईप होतं, पक्षकार सही करतो आणि उलटतपासात त्याला स्वतःच्याच शपथपत्रातले शब्द कळत नाहीत. सहीआधी त्याच्या भाषेत वाचून दाखवायला दहा मिनिटं लागतात, तेवढी काढलीच पाहिजेत.

सातपुडा_पायथा
आमच्याकडे धडगाव, अक्कलकुव्याकडचे साक्षीदार पावरी, भिली बोलतात, तिथे अंदाजाने काम चालतच नाही, दुभाषा लागतोच. त्याला १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे आधी शपथ द्यायची आणि ती दिल्याची नोंद रेकॉर्डवर घ्यायची. तो साक्षीदाराचा नातेवाईक किंवा तपासातला पोलीस नको. आणि दुभाष्याला सांगून ठेवायचं की "तो म्हणतो की" असं नको, साक्षीदार "मी" म्हणाला तर तुम्हीही "मी" म्हणा, नाहीतर कोण कोणाबद्दल बोलतंय तेच टाईप करणाऱ्याला कळत नाही.

सातारकर_स्टेनो
नाना, वकीलसाहेब, दादा, खूप आभार. वही आजच सुरू केली, शिपाईमामा रोज जेवणाच्या सुट्टीत दहा शब्द सांगणार आहेत. आज एका मावशींच्या साक्षीत "माले दखायनं नही" आलं, मी थांबले, साहेबांनी विचारलं तर मावशी म्हणाल्या लाईट गेलेली होती. ते तसंच गेलं रेकॉर्डवर.
एक राहिलं, त्यांनी दिवस सांगितला "आखाजीना दुसरा दिन". मी मोबाईलवर बघून अक्षय तृतीयेची तारीख काढली होती पण टाकली नाही.

जुना_लघुलेखक_अमळनेर
टाकली नाही ते बरं केलं. तारीख साक्षीदाराच्या तोंडची नाही तर आपल्या बोटातून पण यायला नको. "आखाजीच्या दुसऱ्या दिवशी" असंच लिहा, साहेबांनी सांगितलं तर कंसात अक्षय तृतीया.