चवीचा उंबरठा मोजताना साध्या पाण्यालाही 'खारट' म्हणतात, काय चुकतंय?

द्रावण_१२: जिभेला कमीत कमी किती मीठ कळतं ते दहा जणांवर मोजायचंय. 'खारट लागतंय का?' विचारलं की साध्या पाण्यालाही काही जण 'हो, किंचित' म्हणतात. काटा ०.१ ग्रॅमपर्यंतचा आहे.

मोजपट्टी: प्रश्नच तसा आहे, होकार येणारच. तीन पेले द्या, प्रत्येकात १५ मिली. दोनांत साधं पाणी, एकात मिठाचं. 'वेगळा कोणता?' एवढंच विचारायचं. कळत नसलं तरी एक निवडायलाच लावा.

मीठ एकदाच मोजा: १ लिटरला २ ग्रॅम. पुढे त्यातलं अर्धा लिटर घेऊन तेवढंच पाणी घालत जा. १, ०.५, ०.२५, ०.१२५ अशी उतरंड मिळते. प्रत्येक पातळीला वेगळं वजन केलंत तर ०.१२५ ग्रॅमला तुमचा काटा कुचकामी. चाखायला मात्र सर्वांत फिक्यापासून सुरुवात. गडद आधी दिलं तर पुढचं सगळं अळणी लागतं. आणि मिठाचा पेला दरवेळी मधेच ठेवू नका, अंदाजाने सांगणारे बरेचदा मधलाच उचलतात.

लाळग्रंथी: चुळा विसरू नका! लाळेत मुळातच सोडियम असतं, जीभ त्याला सरावलेली असते. नीट खळखळून धुतली की उंबरठा खाली येतो. म्हणून एकाला एक चूळ, दुसऱ्याला तीन असं झालं तर तुम्ही चुळाच मोजताय. पेल्यातलं आणि चुळेचं पाणी एकच हवं, तापमानही तेच. घोट ५ सेकंद तोंडात फिरवून थुंकायचा, दोन संचांत मिनिटभर थांबायचं. आधी तासभर खाणं, चहा, तंबाखू बंद.

द्रावण_१२: एकाचं ०.१२५ चूक, ०.२५ बरोबर, ०.५ चूक, १ आणि २ बरोबर. उंबरठा ०.२५ धरू?

मोजपट्टी: नाही. तिनातून एक नुसत्या नशिबानेही बरोबर येतो, ते ०.२५ तसलंच समजा. शेवटची चूक ०.५, त्यानंतर सलग बरोबर १ पासून. दोघांचा गुणाकार ०.५, त्याचं वर्गमूळ साधारण ०.७ ग्रॅम प्रति लिटर. एकाच फेरीचा आकडा तसा कच्चाच, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

कडूझार: हा झाला 'काहीतरी आहे' कळण्याचा उंबरठा. 'हे खारट आहे' असं ओळखण्याचा त्याहून वर असतो. तो हवा तर चवीचं नाव वेगळं लिहून घ्या. पुढे आंबट-कडू घेणार असाल तर त्या दोघांत लोक हमखास गोंधळतात. कडू सगळ्यांत शेवटी ठेवा, तोंडातून लवकर जात नाही.