बर्गरवाल्या ‘कॅसल’ला मराठीत काय म्हणावं?

पुरवणीवाला: एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या बर्गरच्या दुकानांवरचा लेख मराठीत करतोय. अडलंय ते ‘व्हाइट कॅसल’पाशी. वॉल्टर अँडरसन हा स्वयंपाकी आणि बिली इंग्रॅम हा विमा-जमिनीच्या धंद्यातला माणूस, या दोघांनी १९२१ साली कॅन्ससमधल्या विचिटात ते काढलं. ब्रँडचं नाव तसंच ठेवणार, पण पुढे वाक्य येतं की ‘गावोगाव छोटे कॅसल उभे राहिले’. पांढऱ्या भिंती, वर चर्या (तटावर असतात तसे दातेरी कठडे), कोपऱ्यात मनोरा. मी ‘किल्ले’ लिहिलं, संपादकबाईंनी ‘गढ्या’ केलं. त्यांचं म्हणणं, किल्ल्यात शिबंदी, म्हणजे पहाऱ्याची फौज असते. कॅसलमध्ये सरदार बायकामुलांसह राहतो, म्हणजे आपली गढीच. पटतंय का?

काळी-पांढरी: बाई बरोबर आहेत. आमच्याकडे मराठवाड्यात देशमुखांची गढी होती. चार बुरूज, आत वाडा, धान्याची पेवं. युरोपातला कॅसल दुसरं काय असतो? शिवाय गढी पांढऱ्या मातीची. ‘पांढरी गढी’ म्हटलं की दुकानाचं नावही आपोआप मराठी झालं!

तटावरून: गढी म्हटल्यावर विदर्भ-मराठवाड्याबाहेरच्या निम्म्या वाचकांना पडकी भिंत आणि निवडुंग दिसणार. तिथे पाच सेंटला हॅम्बर्गर विकत होते हो.

दुर्गप्रेमी_७: ‘किल्ला’ मुळात अरबी. आपला शब्द दुर्ग. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशात अख्खा ‘दुर्गवर्ग’ आहे. ‘लघुदुर्ग’ लिहा.

तटावरून: कोश झाला तरी गडावरचा हवालदार हवालदारच राहिला. लघुदुर्गात बर्गर खायला कोण जाईल?

अर्धविराम: मूळ इमारत बघा, मग शब्द ठरवा. व्हाइट कॅसलवाल्यांनी नमुना घेतला शिकागोच्या वॉटर टॉवरचा. तो १८६९ चा, १८७१ च्या मोठ्या आगीतून वाचलेला, म्हणून लोकांच्या मायेचा. पण आहे काय? पाणीपुरवठ्याचा उंच नळ झाकायला बांधलेला मनोरा, कॅसलचं सोंग घेतलेला. ऑस्कर वाइल्डने त्याला मिरपुडीच्या डब्या खोचलेलं ध्यान म्हणून नावं ठेवली होती. म्हणजे दुकान ही नकलेची नक्कल. सरदार कुठे राहायचा आणि शिबंदी किती, हा हिशेब इथे लागूच नाही. आपण दिवाळीत मातीचा करतो त्यालाही किल्लाच म्हणतो, मावळे प्लास्टरचे असले तरी. ‘किल्ला’ ठेवा.

पुरवणीवाला: हे आवडलं. बाईंना सांगून बघतो.

काळी-पांढरी: पण मग ‘पांढरा’ का, ते हरवतं. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांची लक्तरं टांगली. तेव्हापासून खिम्याच्या मांसावर लोकांचा विश्वास नव्हता. म्हणून पांढरा रंग, चकचकीत स्टील, गिऱ्हाइकासमोर भट्टी. पांढरा म्हणजे स्वच्छ, कॅसल म्हणजे भक्कम. ‘गढी’त तो भक्कमपणा आहे.

खवय्या_ठाणे: एक गंमत सांगू? हॅम्बर्गर हॅम्बुर्गवरून, आणि हॅम्बुर्ग नवव्या शतकातल्या हम्माबुर्ग या तटबंदीवरून. बुर्ग म्हणजेच किल्ला! तेव्हा व्हाइट कॅसलचा हॅम्बर्गर म्हणजे किल्ल्यात किल्ला. आणि बुर्ग, दुर्ग, बुरूज... काही दिसतंय का?

दुर्गप्रेमी_७: दिसतंय! मी हेच म्हणत होतो!

अर्धविराम: काही दिसत नाही. दुर्ग म्हणजे दुर् + ग, जिथे जाणं अवघड ते. बुरूज अरबी ‘बुर्ज’वरून. नुसत्या यमकावर व्युत्पत्ती लावायची तर मुर्गही त्यातलाच.

तटावरून: आणि आइसबर्गमधला ‘बर्ग’ वेगळा, तो डोंगर. कोणीतरी तिकडे वळायच्या आत सांगून ठेवतो.

पुरवणीवाला: आणखी एक आहेच. त्यांची जुनी जाहिरात ‘सॅक’ भरून न्या, असं सांगायची. ‘पोतंभर न्या’ चालेल?

खवय्या_ठाणे: पोतं कांद्याचं! इथे सॅक म्हणजे कागदी पिशवी. बर्गर इवलेसे, चौकोनी, कांद्याच्या वाफेवर शिजलेले. एकाने दाढही ओली होत नाही, म्हणून पिशवीने घ्यायचे. ‘पुडाभर’ लिहा. वड्यांचा पुडा बांधून नेतात तसं.

काळी-पांढरी: पुडा फरसाणाचा. पाव घातला की पुडा राहत नाही, ते पार्सल.

दुर्गप्रेमी_७: पार्सल इंग्रजी आहे.

तटावरून: पाव पोर्तुगीज आहे. आता उपाशी बसा.

नवा_सभासद: वर ‘पांढऱ्या माती’चा उल्लेख आला. गावठाणाला पांढरी आणि शेतीला काळी म्हणतात, ते मातीच्या रंगावरूनच ना? मग पंढरपूरही पांढरीवरून आलं असेल का?

काळी-पांढरी: माझे आजोबा तसंच सांगायचे.

अर्धविराम: आजोबांविषयी आदर आहे, पण शिलालेखांत गावाचं नाव ‘पंडरगे’ येतं. त्याचं काय करायचं?

काळी-पांढरी: लिहिणारा कानडी असेल तर त्याने ऐकलं तसं लिहिलं.

पुरवणीवाला: मंडळी, शुक्रवारी मजकूर द्यायचाय. गढी की किल्ला?

दुर्गप्रेमी_७: पंढरपूरसाठी वेगळा धागा काढा, मला त्यावर बरंच लिहायचं आहे.