मदत हवी आहे : ‘सेट’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ मुलांना कसे शिकवावेत?

नमस्कार. ठाण्यात नौपाड्याला मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘सेट’ या शब्दापाशी मुले हमखास अडतात, कारण सूर्य मावळतो तेव्हाही सेट, दही लागते तेव्हाही सेट, सिमेंट घट्ट होते तेव्हाही सेट आणि गणितातला संच म्हणजेही सेटच. एका मुलीने तर ‘द सन सेट्स’चे भाषांतर ‘सूर्य ठेवतो’ असे केले. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती, त्यामुळे सगळे अर्थ पाठ करून घेणे मला मुळीच पटत नाही. ‘ठेवणे’ या अर्थापासून सुरुवात करावी, की नाम आणि क्रियापद आधीच वेगळे शिकवावे? अनुभवी शिक्षकांनी कृपया सरावाच्या वाक्यांसह आपली पद्धत सांगावी.