मदत हवी आहे: वर्षाची ज्वारी कुठून भरावी?

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. घरात सहा माणसं, दोन्ही वेळेला भाकरी. दुकानातून दर महिन्याला पाच-दहा किलो ज्वारी आणणं आता परवडेना. नवी मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हाच वर्षाची भरायचा विचार आहे.

मार्केट यार्डात घरगुती गिऱ्हाईकाला एक-दोन कट्टे मिळतात का? की मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याकडून थेट घ्यावी? टेम्पोभाडं, हमाली धरून किलोमागे नक्की किती वाचतात, ते अनुभवी लोकांनी सांगा. सासूबाई म्हणतात, कडक उन्हात वाळवून कडुलिंबाचा पाला घातला की कीड लागत नाही. आमच्या बंद फ्लॅटमध्ये एवढ्यावर भागेल का?

बाकी किराण्याचं मी बघते. पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे दर छापलेला असतो, तो वाचला की ‘मोठं पाकीट म्हणजे स्वस्त’ हे दर वेळी खरं नसतं. ऑफरच्या पाट्यांवर तर माझा काडीचा विश्वास नाही!

आणखी एक. लग्नात आहेर म्हणून पंचवीसेक चादरी द्यायच्या आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यातून थेट देतात का, की चाटी गल्लीतल्या कापडदुकानांतच घासाघीस करावी?