अनुभव धागा : टपाल खातं ठेवावं की गुंडाळावं? खान्देशातल्या जाणकारांनी लिहावं

धाग्याची सुरुवात

डेन्मार्कमध्ये सरकारी मालकीच्या पोस्टनॉर्डनं ३० डिसेंबर २०२५ ला पत्रवाटप बंद केलं. १६२४ पासून चालत आलेलं काम तिथं थांबलं. आपल्या देशात आजही सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालयं आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. "पत्रं लिहितं कोण आता?" हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ज्यांचं रोज पोस्टाशी काम पडतं त्यांनी लिहावं. आठवणी नकोत. काम कसं चालतं, कुठं अडतं आणि का अडतं ते सांगा.

निवृत्त पोस्टमास्तर, जळगाव

पत्त्यापासून सुरुवात करतो, कारण उशिराच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथं असतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पहिले तीन अंक टपालाची छाननी कुठं व्हायची ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं कार्यालय. हे अंक जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत. चाळीसगाव (४२४१०१) आणि पाचोरा (४२४२०१) जळगाव जिल्ह्यात असून धुळ्याच्या ४२४ मध्ये बसतात. शिरपूर (४२५४०५) आणि दोंडाईचा (४२५४०८) धुळे जिल्ह्यात असून ४२५ मध्ये. त्यामुळे "जिल्हा धुळे म्हणजे ४२४" असा अंदाज करून पिन टाकला की टपाल दुसऱ्याच थैलीत जातं, तिथून परत फिरतं आणि दोन-तीन दिवस वाया जातात.

दुसरी चूक 'मु. पो.' एकत्र लिहिण्याची. मु. म्हणजे राहण्याचं गाव, पो. म्हणजे ज्या गावात शाखा डाकघर आहे ते. तुमच्या गावात पोस्ट नसेल तर दोन्ही वेगळे लिहा. पिंप्री, वडगाव, लोणी ही नावं तालुक्या-तालुक्यात आहेत. तालुका लिहिला नाही तर छाननी करणाऱ्याकडे अंदाजाशिवाय काही उरत नाही. पत्त्यावर घेणाऱ्याचा मोबाइल नंबर असलाच पाहिजे.

शाखा डाकपाल, अक्राणी तालुका

आमच्याकडे पत्रं कमी, पैसे जास्त. म्हणजे लोकांचे पैसे. पेन्शन, रोजगार हमीची मजुरी, लाडकी बहीण, शिष्यवृत्ती. धडगावची बँक गाठायची तर पाड्यावरच्या बाईचा अख्खा दिवस आणि जीपचं भाडं जातं. शाखा डाकघरात मोबाइल, बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि पावतीचा छोटा प्रिंटर असतो. आधारवरून कोणत्याही बँकेच्या खात्यातले पैसे काढता येतात, एका व्यवहारात जास्तीत जास्त १०,००० रुपये.

अडतं तीन ठिकाणी. पहिलं, नेटवर्क. रेंज गेली की व्यवहार होतच नाही, त्यावर उपाय नाही. दुसरं, ठसा. कापूस वेचणाऱ्या, वीटभट्टीवर नाहीतर मिरचीच्या खळ्यावर काम करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. आधी हात कोमट पाण्यानं धुवायचे, कोरडे करायचे, किंचित खोबरेल लावून पुसून घ्यायचं. अंगठा घेत नसेल तर अनामिका नाहीतर करंगळी लावायची, त्या कमी झिजलेल्या असतात. बोट सपाट ठेवायचं. जोरानं दाबलं की रेषा पसरतात आणि ठसा आणखी बिघडतो. तरी नाही झालं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक नव्यानं घ्यावं लागतं.

तिसरं, रोकड. शाखेत किती रोकड ठेवायची याला मर्यादा असते. जास्त लागणार असेल तर तालुक्याच्या पोस्टाकडे मागणी लिहून पाठवायची आणि रक्कम दुसऱ्या दिवशीच्या थैलीतून येते. म्हणून लोकांना एवढंच सांगणं आहे, लग्नाला नाहीतर बियाण्याला मोठी रक्कम काढायची तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. पोस्टाच्या बचत खात्यातून शाखेत दिवसाला २०,००० पर्यंत निघतात, त्यापुढे तालुक्याला जावं लागतं.

खात्यातून पैसे कटले आणि हातात आले नाहीत, असंही होतं. पावती फाडू नका, 'फेल' लिहिलेली असली तरी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई आहे. तक्रार ज्या बँकेत खातं आहे तिथं करायची.

शिक्षिका, तळोदा

दादा, एक भर घालते. "पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्या बऱ्याच जणींचे पैसे आलेले असतात, पण दुसऱ्या खात्यात. सरकारी रक्कम अर्जावर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. ज्या खात्याला शेवटचं आधार सीडिंग (सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून केलेली आधारजोडणी) झालं तिथं ती जाते. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि हे सीडिंग वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव दिसतं. ते बघितल्याशिवाय नवं खातं उघडू नका, नाहीतर पुढचा हप्ता तिसरीकडे जाईल.

आणि पोस्टाच्या दोन खात्यांतला गोंधळ. पोस्टाचं जुनं बचत खातं वेगळं, १ सप्टेंबर २०१८ ला देशभर सुरू झालेल्या पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं वेगळं. बचत खात्यात ५०० रुपये शिल्लक ठेवावी लागते, व्याज ४ टक्के. पेमेंट्स बँकेत शिल्लक शून्य चालते, पण दिवसअखेर दोन लाखांहून जास्त ठेवता येत नाही. कागद पुढे करण्याआधी कोणतं खातं ते विचारा.

वकील, धुळे

कोर्टकचेरीच्या कामात टपालाला पर्याय नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात. नोटीस मिळाली की नाही यावर सगळी केस उभी राहते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ सांगतं की योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलेलं पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोहोचलं असं धरायचं. पोस्टमनचा 'घेण्यास नकार' हा शेरा कोर्ट वाचतं. खासगी कुरिअरच्या पोऱ्यानं फोनवर टाकलेल्या 'नॉट अव्हेलेबल'ला ते वजन नाही.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. तेव्हापासून नुसती स्पीड पोस्ट केली तर ती त्या पत्त्यावरच्या कुणाच्याही हाती दिली जाऊ शकते. ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळायला हवी असेल तर काउंटरवर 'रजिस्ट्रेशन' मागावं लागतं, ५ रुपये अधिक जीएसटी. ओटीपीवर वाटप ही सोयही तेवढ्याच पैशांत आहे, पण नोटिशीला ती घेऊ नका. ज्याला नोटीस टाळायची आहे तो ओटीपी कशाला देईल? पोच हवी तर पोचपावतीची सेवा वेगळी मागा.

वजनाचं गणित : ८० जीएसएमचा ए-४ कागद ५ ग्रॅमचा. पाकिटासह सात पानांपर्यंत ५० ग्रॅममध्ये बसतं. त्याचे स्थानिक १९ रुपये, बाहेर कुठंही ४७ रुपये, जीएसटी वेगळा. ट्रॅकिंगचं पान वाटप झाल्याबरोबर छापून फाइलला लावा. ऑनलाइन नोंद कायम राहत नाही.

घाऊक व्यापारी, जळगाव

मला वेगळं दिसतं. एमआयडीसीतून मुंबई-पुण्याला माल पाठवायला पोस्ट परवडत नाही, दराच्या नाही तर वेळेच्या हिशोबानं. खासगीवाले संध्याकाळी दारात येऊन माल उचलतात. पोस्टाच्या काउंटरवर दुपारनंतर गेलं की त्या दिवशीची थैली निघून गेलेली असते. सरकारनं तोटा भरून ही सेवा शहरात कशाला चालवायची?

गृहउद्योग, सावदा

भाऊ, शहर ते शहर तुमचं खरं आहे. पण पापड, बिबडे, कुरडया घेणारं गिऱ्हाईक फक्त पुण्यात नसतं. विदर्भातल्या नाहीतर कोकणातल्या खेड्यात पाठवायचं तर खासगीवाले पिनकोड बघूनच नाही म्हणतात, किंवा "तालुक्याला येऊन घेऊन जा" असा फोन जातो. पोस्ट घरापर्यंत नेतं.

मात्र पार्सल कसं बांधायचं हे कळलं पाहिजे, नाहीतर तोटा होतो. वजन दोन प्रकारे धरतात, काट्यावरचं आणि आकाराचं. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे. कुरडया हलक्या आणि पोकळ. ४० × ३० × ३० चं खोकं ३ किलोचं भरलं तरी पैसे ७.२ किलोचे. त्यामुळे कुरडया मोठ्या खोक्यात सैल भरायच्या नाहीत. छोट्या आकाराच्या घाला, एकात एक बसवा आणि वरची मोकळी जागा राहील तेवढं खोकं कापून कमी करा. पापडांचं उलट असतं, ते चवडीत दाटून बसतात, तिथं काट्यावरचं वजनच लागू पडतं.

खोकं पाचपदरी पुठ्ठ्याचं घ्यावं. तीनपदरी खोकं थैलीच्या तळाशी दबलं की कोपऱ्यातून चेपतं आणि बिबड्यांचा चुरा होतो. पापड आधी पूर्ण वाळलेले असावेत. जरा ओलसर राहिले तर पिशवीत घाम धरतो आणि आठवड्यात बुरशी येते. लोणचं पाठवायचं असेल तर बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिक, त्यावर झाकण, त्यावर चिकटपट्टी, मग बरणी पिशवीत आणि भोवती लाकडाचा भुसा. तेल सांडलंच तर भुसा शोषतो आणि दुसऱ्याचं टपाल खराब होत नाही. पावसाळ्यात बाहेरून प्लॅस्टिक. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका, वरची भिजून निघाली तर तीच उपयोगी पडते.

पुस्तकं पाठवणाऱ्यांसाठी : १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळे. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं, जाहिरातींची पुस्तिका चालत नाही. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो. गावच्या वाचनालयांना एवढ्या स्वस्तात दुसरं कुणी पुस्तकं पोचवत नाही.

अल्पबचत प्रतिनिधी, चाळीसगाव

आरडीबद्दल (दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायची ठेव) लिहिते, कारण मजुरी करणाऱ्या बायांची बचत इथंच होते. महिन्याला १०० रुपयांपासून, पाच वर्षं. खातं १५ तारखेच्या आत उघडलं असेल तर दर महिन्याचा हप्ता १५ पर्यंत, नंतर उघडलं असेल तर महिनाअखेरपर्यंत. चुकला तर शंभराला एक रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि ते पुन्हा सुरू करायला दोनच महिने मिळतात. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या घरांचं खातं नेमकं इथंच मरतं. दिवाळीनंतर निघण्याआधी सहा हप्ते एकदम भरून टाका. दंड लागत नाही, उलट हप्ता शंभराचा असेल तर सहा हप्त्यांवर मिळून १० रुपये सूट मिळते. प्रतिनिधीकडे पैसे दिले की कार्डावर सही त्याच क्षणी घ्यायची. सही नसेल तर पुढं वाद मिटत नाही.

बचत खात्यातून पैसे काढायचे तर शक्यतो १ ते ९ तारखेत काढा. व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मोजतात.

वारसनोंद प्रत्येक खात्यावर करा. ती नसेल तर मृत्यूनंतर सहा महिने थांबून प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकी वारसांची ना-हरकत जोडून दावा करावा लागतो, तोही ५ लाखांपर्यंतच. त्यापुढे कोर्टाचा वारसदाखला. मुदत संपलेली खाती तीन वर्षांत बंद केली नाहीत तर गोठवली जातात, म्हणून जुनी पासबुकं एकदा काढून बघा.

सहायक शाखा डाकपाल, नवापूर तालुका

वाटपाचं लिहितो. लायसन, आरसी, पॅन, एटीएम कार्ड, पासपोर्ट सगळं आमच्या हातून जातं. घराला कुलूप असेल तर सूचना ठेवतो आणि वस्तू साधारण सात दिवस कार्यालयात थांबते. त्यानंतर पाठवणाऱ्याकडे परत. लायसन परत गेलं असेल तर पोस्टात चकरा मारू नका, ते आरटीओत मिळतं.

नोव्हेंबरात पेन्शनरांचा हयातीचा दाखला घरी येऊन करतो, ७० रुपयांत. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, बँक खातं आणि मोबाइल जवळ ठेवा. ज्यांचा ठसा उमटत नाही त्यांचं चेहऱ्यावरून होतं, तेव्हा उजेडाकडे तोंड करून बसवायचं. ८० वर्षांपुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. नोव्हेंबरअखेरची गर्दी टाळा.

पाड्यांवर घर क्रमांक नसतात. डिजिपिन हा दहा अक्षरांचा नवा पत्ता सुमारे ४ × ४ मीटरच्या चौकोनाला दिलेला असतो. डोंगरावर विखुरलेल्या घरांना तो उपयोगी पडेल. पिनकोडच्या जागी मात्र तो चालत नाही, दोन्ही लिहा.

निवृत्त पोस्टमास्तर, जळगाव

व्यापारी भाऊंच्या तोट्याच्या मुद्द्यावर. सरकारनं तोटा आधीच धरलेला आहे. नवी शाखा उघडताना साध्या भागात तिचं उत्पन्न खर्चाच्या ३३ टक्के अपेक्षित असतं, डोंगराळ आणि आदिवासी भागात १५ टक्के. बाकीचं देशानं भरायचं, हे ठरवूनच ती उघडतात. शहरातलं पार्सल खासगीकडे गेलं तर मला वाईट वाटणार नाही. अक्राणीची शाखा गेली तर तिच्या जागी कुणीही येणार नाही, कारण तिथं नफा नाही. टिकवायची ती ही शाखा आहे, आणि तिला चार-पाच तासांच्या ग्रामीण डाक सेवकावर तोलून धरणं अन्यायाचं आहे. त्याला कामाचे पूर्ण तास आणि चालणारं नेटवर्क द्या.

नवी शाखा हवी असलेल्या गावांसाठी : लोकसंख्या साध्या भागात गावांच्या गटाची ३,०००, आदिवासी भागात १,५००, आणि जवळचं पोस्ट ३ किलोमीटरपेक्षा लांब. ग्रामपंचायतीचा ठराव, गटातल्या गावांची यादी आणि अंतरं जोडून विभागाच्या डाक अधीक्षकांकडे अर्ज करायचा. शाखेची जागा डाकपालानं स्वतः द्यायची असते, बरेच प्रस्ताव तिथंच अडकतात. ठरावातच ग्रामपंचायतीची एक खोली, वीजजोडणीसह आणि विनाभाडं, लिहून द्या. खोली अशी निवडा जिथं मोबाइलची रेंज खरोखर येते, आणि अर्ज देण्याआधी तिथं उभं राहून तपासा.